गावची वाट पायाखाली राहू द्या

आपल्या झाडीपट्टीत कुणी धडधाकट माणूस सहज पायी फिरताना दिसला तर लोक हमखास विचारतात, "का जी, गाडी बिघडली का?" चालणे म्हणजे एक तर गरिबी, नाहीतर डॉक्टरने सांगितलेली साखरेची बिमारी, असा समज झाला आहे. दुसरीकडे नागपूर-पुण्याची मंडळी पैसे मोजतात, जिप्सीत बसतात आणि आपल्याच भागातले जंगल पाहून जातात. आपल्याला मात्र गावच्या तलावाच्या पलीकडच्या पाळीवर जाऊन किती वर्षे झाली, हेही आठवत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या बहुतेक गावांना एक ठेवा मिळालेला आहे. घरून निघावे, पांदणीने तलावाची पाळ गाठावी, पाळीवरून सांडव्याकडे जावे, सांडवा ओलांडून वरच्या अंगाला झुडपी जंगलात शिरावे आणि मोठ्या जंगलाच्या कडेला हात लावून परत फिरावे. चार-पाच किलोमीटरची चाल, चढ जवळपास नाहीच. लेकुरवाळी बाई आणि साठीचा म्हातारा दोन-अडीच तासांत आरामात पुरी करतील. माझे म्हणणे एवढेच आहे, की अशी एक वाट प्रत्येक गावाने मोकळी राखावी आणि वर्षातून निदान दोनदा ग्रामसभेने ती मिळून चालावी. एकदा मृगाच्या आधी, एकदा धान कापून झाल्यावर.

हा रिकाम्या माणसाचा छंद नव्हे. आमच्या कृषी पदविकेत पाणलोट शिकवला तो फळ्यावर. तो डोक्यात शिरला तलावाच्या पाळीवर चालू लागल्यावर. आपल्याकडे सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो तीन-साडेतीन महिन्यांत येऊन जातो. वरच्या मुरमाड, बरड जमिनीवर पडलेले पाणी कुसळी गवत, बोर, येरोणी, पळस आणि करवंदाच्या जाळ्यांमध्ये अडखळते. माती तिथेच राहते आणि पाणी हळूहळू उतरून तलावात येते. तलावातून ते पाटाने बांधीत जाते. हस्त कोरडा गेला आणि जड धान निसवण्यावर असला, की तलावाचे हेच शेवटचे पाणी पीक तारते. झुडूप, तलाव आणि धान हा असा एकाच दोरीचा पीळ आहे. सातबारावर मात्र तिन्ही वेगवेगळ्या गटांत दिसतात. खात्यांचे म्हणाल, तर तलाव एकाकडे, झुडूप दुसऱ्याकडे आणि धान आमच्याकडे. ही तिन्ही एकत्र दिसतात ती फक्त पायी जाणाऱ्याला.

आपल्या पूर्वजांना हे पुरते ठाऊक होते. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. त्याच्या भोवतीच्या सात टेकड्यांना लोक अजून सात बहिणी म्हणतात. पुढे मालगुजारी आली आणि १९५०-५१ मध्ये ती संपली. तलाव सरकारकडे गेले आणि कागदावर त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' झाले, बोलण्यात 'मामा तलाव'. अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. मालगुजारी चांगली होती असे मी म्हणत नाही, त्यात रयतेची पिळवणूक होतीच. परंतु त्या काळी पाणकर रोज पाळीवरून चालत असे. घूस कुठे लागली, पाणी कुठे पाझरते, पाट कुठे फुटला, हे त्याला पावलांनी कळत असे. मालगुजार गेला ते बरेच झाले. पाणकराची चाल मात्र त्याच्याबरोबर जायला नको होती.

आता न चालण्याने काय होते ते पाहा. रस्त्याच्या कामाला मुरूम लागला, की रातोरात झुडपात खड्डा पडतो. गावाला तो दिसतो दोन पावसाळ्यांनी, जेव्हा वरची माती वाहून तलावाच्या तोंडाशी येते. येव्याच्या नाल्यात कुणी नांगर घालतो, दुसऱ्या वर्षी धुरा टाकतो, तिसऱ्या वर्षी तारेचे कुंपण येते. तलावाच्या कडेने बेशरम माजते आणि देवधान, गाद, चिला या आपल्या पाणवनस्पती दबून जातात. त्या गेल्या की मासोळीला अंडी घालायला आडोसा राहत नाही. मग ढिवर बांधवांच्या जाळ्यात फक्त विकत आणून सोडलेले रोहू-कटला येतात, मरळ आणि झिंगे नावालाही नाहीत.

गाळाचेही तसेच. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे, आणि तलावाचा गाळ हलक्या जमिनीला सोन्यासारखा, हे मी शेतकऱ्यांना स्वतः सांगत असतो. पण जेसीबीवाल्याला तलाव म्हणजे खड्डा वाटतो. तो काठाशीच उभा कडा कापतो आणि तळातला घट्ट थर फोडून खालचा मुरूम उघडा करतो. मग पाणी पाझरून जाते, गुरांना पाण्यावर उतरता येत नाही, उथळ काठावर चरणाऱ्या पाखरांना जागा उरत नाही. गाळ किती काढायचा, कुठून काढायचा, उतरता काठ कुठे राखायचा, हे कार्यालयातल्या नकाशावर ठरत नाही. उन्हाळ्यात चार जाणत्या माणसांनी कोरड्या तळातून चालत जाऊन खुंट्या ठोकाव्या लागतात. त्या चौघांत एक ढिवर आणि एक गुराखी हवाच.

या गोष्टी सुधारता येतात, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी अभ्यासकांच्या साथीने तलावातली बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या मासोळीच्या कामाची, हे ज्ञान पाण्यात उतरणाऱ्यांकडे होते. ते कामी आले.

वाट राखण्याची गरज आज जास्त आहे, याला आणखी एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलाची जमीन ही वनजमीनच होय, असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जमिनींना केंद्राच्या मंजुरीने नियमित करण्याचा मार्गही त्यात ठेवला आहे. म्हणजे आता प्रत्येक गावात मोजणी होईल, याद्या होतील, हरकती येतील. अशा वेळी टेबलाशी जाऊन कोण बोलणार? ज्याने ती जमीन पायाखाली घातली आहे तोच. कुठला गट खरोखर झुडूप आहे, कुठे पन्नास वर्षांपासून घरे आहेत, कुठे कालपरवा कुंपण पडले, हे गावाला तोंडपाठ पाहिजे. नाहीतर गरिबाचे जुने घर अडचणीत येईल आणि नवे कुंपणवाले सुटून जातील.

पांदण अडली असेल तर गप्प बसू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा दूर करण्यासाठी तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. आता सांगा, जी पांदण वर्षभर कुणी चाललेच नाही, तिच्यातला अडथळा सहा महिन्यांत कळणार कसा? वहिवाट हा शब्दच सांगतो, वाट वाहती पाहिजे. वनहक्काचेही असेच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्या मागे गावकऱ्यांचे अनेक वर्षांचे अभ्यासगट आणि जंगलाची राखण होती. कागद शेवटी आला.

इथे कुणी म्हणेल, "साहेब, लिहायला सोपं आहे, वाघ दिसला तर तुम्ही येणार का?" प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोहफूल वेचताना, तेंदूपत्ता तोडताना आपल्या भागात माणसे गेली आहेत. म्हणूनच मी जंगलाच्या पोटात शिरा म्हणत नाही, कडेला हात लावून परत या म्हणतो. राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय पाय ठेवू नये. पहाट आणि तिन्हीसांज टाळावी, सूर्य चांगला वर आल्यावर निघावे. दहा-पंधरा जणांनी मिळून, बोलत चालावे, लहान मुलांना मधे ठेवावे. वाघाचा वावर असल्याचे वनरक्षकाने सांगितले असेल तर त्या दिवशी पाळीवरूनच परतावे. गुराखी आणि मोह वेचणाऱ्या बाया पोटासाठी रोज एकट्या-दुकट्या जातात. गाव मिळून चालेल, तर कुठे झाडी दाट झाली, कुठे एकट्याने जाऊ नये, हे निदान सर्वांना माहीत तरी होईल.

आणि हो, या चालीत नुसती देखरेख नाही, आनंदही आहे. फाल्गुनात झुडपी जंगल पळसाने लाल होते. चैत्रात मोहाचा वास पाळीपर्यंत येतो, चाराच्या झाडाखाली पोरे थांबतात. पाऊस लागला की तरोट्याची कोवळी भाजी उगवते, पुढे वारुळांवर सात्या निघतात. दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत तलाव भरलेला असतो. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालतो, अडईचे थवे उठतात, हिवाळी पाहुणी बदके उतरतात. गोंदियाकडच्या गावांत नशीब असेल तर धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसते. सारस आज राज्यात मुख्यतः त्याच भागात उरला आहे, तोही बोटांवर मोजण्याइतका. आपल्या पोरांना सिंह-जिराफ ओळखता येतो, येन आणि धावडा यांतला फरक सांगता येत नाही. शाळेच्या गुरुजींनी वर्षातून एक शनिवार या वाटेला दिला, तर पुस्तकातले चार धडे एका चालीत होतील.

पर्यटनाच्या नावाने लगेच पाळीवर सिमेंटचा रस्ता, रंगीत बाकडी आणि कमान उभारण्याची घाई मात्र नको. पाळीवर चारचाकी चढली की पाळ दबते आणि खचते. या वाटेला लागतात त्या साध्या गोष्टी: झुडूप छाटलेली पाऊलवाट, सांडव्याजवळ पाय ठेवायला चार दगड, एखाद्या मोहाखाली बसायला जागा. हे काम चार घरचे लोक दोन दिवसांत करू शकतात. त्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहायला नको.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा धान घरात आला की एक रविवार ठरवा. सरपंच, तलाठी, वनरक्षक, ढिवर संस्थेची मंडळी, गुराखी, बचत गटाच्या बाया आणि शाळेची पोरे यांना सोबत घ्या. शिदोरी बांधा. एकाने वही घ्यावी आणि पाळीवरची घळ, सांडव्याची पडझड, येव्यातले कुंपण, झुडपातला खड्डा असे जे दिसेल ते गट नंबरासह लिहावे. ती वही पुढच्या ग्रामसभेत वाचावी आणि ठराव करावा. आम्हा विस्तार कर्मचाऱ्यांनाही जरूर बोलवा. आमची गाडी चावडीजवळच उभी राहू द्या आणि आम्हालाही तुमच्याबरोबर चालवा.