नाव लपवणाऱ्या बायका आणि नाव लपवणारे आपण

रोझा पार्क्स आपल्याला पाठ आहे. 1 डिसेंबर 1955, माँटगोमेरीची बस, गोऱ्यासाठी सीट सोडायला नकार. कुणी ती परीक्षेसाठी पाठ केली, कुणी स्टेटसला ठेवली. जॉर्जिया गिलमोर मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही.

ती स्वयंपाकीण होती, लेकुरवाळी. पार्क्सच्या अटकेनंतर बसवरचा बहिष्कार 381 दिवस चालला. गिलमोरने बायका जमवल्या, केक आणि चिकनची ताटं विकली आणि तो पैसा आंदोलनाच्या गाड्यांना, पेट्रोलला दिला. यातल्या अनेकजणी गोऱ्यांच्या घरी राबायच्या. नाव फुटलं की काम गेलं. म्हणून गटाचं नाव ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसा कुठून आला? कुठूनच नाही! गिलमोरने स्वतः 1956 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खटल्यात उघड साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली.

अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा 1938 साली आला. घरकामगार त्यातून वगळलेल्या. कायद्यात 'काळे' हा शब्द नव्हता. गरजच काय होती? दक्षिणेत गोऱ्यांची भांडी कोण घासतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या कायद्यात यायला घरकामगारांना 1974 उजाडलं.

कोरमंगलातल्या अपार्टमेंटच्या नियमांतही जात लिहिलेली नसते. 'कामवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी' एवढंच असतं. जानेवारी 2013 मध्ये इथल्याच एजीपुऱ्यातल्या गरिबांच्या क्वार्टर्सच्या जागेवर महापालिकेने बुलडोझर घातला, खासगी बिल्डरच्या मॉलसाठी. दीड हजारांच्या आसपास कुटुंबं, त्यात मोठा भरणा दलितांचा. कित्येक बायका आसपासच्या फ्लॅटांत धुणीभांडी करणाऱ्या. बाई हवी, तिची वस्ती नको.

आणि आपण? मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले, घरातले पहिले पदवीधर, चौघांत एक फ्लॅट. आपल्यातल्या कितीतरी जणांची फी आईने लोकांची भांडी घासून भरलेली आहे. तरी फ्लॅटमेट अक्काचा कप वेगळा ठेवतो तेव्हा आपण मोबाइलमध्ये डोकं घालतो. कारण मला कळतं. आडनाव गाळून घर मिळालंय, तोंड उघडलं तर आपलीही जात निघेल. ही भीती खोटी नाही. पण त्या बायकांनाही भीती होतीच की. त्यांनी नाव लपवून पैसा दिला. आपण नाव लपवून अक्काच्या सुट्टीचे पैसे कापतो.

कर्नाटकाने 2004 सालीच घरकामासाठी किमान वेतन ठरवलं. आपल्या फ्लॅटचा हिशेब त्याच्याशी कुणी ताडून पाहिलाय? स्टार्टअपमध्ये अप्रेझलला दोन-दोन तास घासाघीस करणाऱ्यांना हे जमू नये? या महिन्यात चौघांनी बसून तो आकडा काढावा. आठवड्याची भरपगारी सुट्टी ठरवावी, आजारपणाचे पैसे कापणं बंद करावं. कप तर उद्या सकाळीच एक करता येतो, त्याला मालकाची परवानगी लागत नाही. लिफ्टचं पत्र कमिटीला चौघांच्या सहीने जाऊ दे. सही करायची भीती वाटत असेल तर निनावी टाका.