गोंदण आणि निर्णय

भीमजयंतीच्या आठवड्यात आपल्या अनेक तरुणांच्या हातांवर नवे गोंदण दिसू लागते. कुणाच्या मनगटावर बाबासाहेबांची स्वाक्षरी, कुणाच्या दंडावर धम्मचक्र, कुणाच्या मानेवर ‘जयभीम’. त्यामागील भावना खोटी नसते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ज्या समाजातील माणसांना परगावी गेल्यावर आपले आडनाव सांगताना संकोच वाटे, त्याच समाजातील मुलगा आज आपली ओळख उघड्या हातावर मिरवतो. म्हणून ‘फॅशनचे खूळ’ असे म्हणून या विषयाची वासलात लावणाऱ्या वडीलधाऱ्यांशी माझा मतभेद आहे. माझी हरकत गोंदणाला नाही. ते ठरविण्यास दिलेल्या वेळाला आहे. मिरवणुकीतला उत्साह, दोन मित्रांचा आग्रह आणि समोर दिसलेली दुकानाची पाटी एवढ्यावर पुष्कळदा ते ठरून जाते.

त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. रंग तेथेच राहिला असता, तर हौसही महिन्यात फिटली असती. परंतु सुई तो रंग खालच्या थरात नेऊन सोडते. शरीराला तो परका वाटतो. संरक्षक पेशी त्याचे कण गिळतात, पण त्यांना ते पचविता येत नाहीत. त्या ते तसेच धरून बसतात आणि म्हणूनच गोंदण टिकते. लेझरने ते काढता येते, हे खरे. मात्र त्याला अनेक बैठका लागतात, पैसे लागतात आणि पूर्वीची त्वचा जशीच्या तशी परत मिळेलच, असे नाही.

पहाटे मैदानावर धावून भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते. परंतु जागा ठरलेली आहे. डाव्या हाताच्या कोपरापुढील आतली बाजू किंवा हाताची पाठ, आणि आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान. उजवा हात सलामीचा, म्हणून डावा. मानेवर गोंदवून घेणाऱ्याला हे सहसा कुणी सांगत नाही. दुकानदार तर नाहीच. रक्तदानाचेही तसेच. गोंदल्यानंतर १२ महिने रक्त देता येत नाही. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला गावोगावी आपण रक्तदान शिबिरे भरवितो. हौसेने गोंदवून आलेला धडधाकट तरुण तेथून परत पाठविला जातो.

झटपट घेतलेला प्रत्येक निर्णय उतावीळच असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि चांदी-कथलाचे जड दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका. स्त्रियांनी फार काळ विचार करीत न बसता नेसण्याची पद्धत बदलली. त्यांना विचार करण्याची गरज नव्हती. त्या खुणांचा जाच त्या जन्मापासून सोसत होत्या. उलट येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये २१ वर्षे आणि वर एक दिवस. एवढ्या अवधीत त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, टीका ऐकली, घाई केली नाही. एका निर्णयाला वेळ लागला नाही, दुसऱ्याला दोन दशके लागली. दोन्ही पूर्ण जाणिवेने घेतलेले. रागाच्या भरात सोडलेली नोकरी, शेजाऱ्याने घेतला म्हणून हप्त्यावर आणलेला फोन, मध्यरात्री नातेवाइकांच्या गटात टाकलेला संदेश यांना ही कसोटी लावून पाहावी. संदेश पुसता येतो म्हणतात. वाचणाऱ्याच्या मनातून तो पुसला जात नाही.

माझ्या लहानपणी वस्तीतील म्हाताऱ्यांच्या हातांवर हिरवट पडलेले तुळशीवृंदावन असे. गोंदणारीण दारात आली की आई मुलीचा हात धरून ठेवी. काय गोंदायचे, हे मुलीला कुणी विचारीत नसे. १९५६ नंतर घरातील देव्हारे उतरले, टाक नदीत गेले. हातावरची तुळस राहिली. त्याच हातांनी त्या बुद्धवंदनेला फुले वाहत. त्यांच्या नातवंडांना आज जो निवडीचा अधिकार आहे, तो त्यांना नव्हता. म्हणूनच तो मिरवणुकीच्या गर्दीत खर्ची पडलेला पाहून मला हळहळ वाटते.

मुले विचारतात तेव्हा मी त्यांना एक साधी गोष्ट सुचवितो. हवी ती आकृती हव्या त्या जागी पेनाने काढावी, पुसली गेली की पुन्हा काढावी, असे महिनाभर चालू ठेवावे. बहुतेकांचे पेन आठवड्यातच खिशात परत जाते. एका मुलाने महिना पुरा केला आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला लहानशी स्वाक्षरी गोंदवून घेतली. मला ती आवडली.