वीरत्वाची किंमत : दोन आफ्रिकी कादंबऱ्या

आफ्रिकी कादंबरीतील वीरत्वाचा विचार बहुधा नायकाच्या स्वभावदोषापासून सुरू होतो. चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) मधील ओकोंकवो हा तापट, हेकट आणि म्हणूनच विनाशाकडे जाणारा शोकनायक, अशी मांडणी ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत सहज करता येते. ती चुकीची नाही. मात्र तीत ओकोंकवोला घडविणारा समाज अलगद सुटतो.

उमुओफियात पुरुषाची प्रतिष्ठा कुस्ती, युद्धातील पराक्रम, यामकंदांनी भरलेली कोठारे आणि मिळविलेली बिरुदे यांवरून ठरते. बासरीत रमणारा, कर्जात बुडालेला उनोका या मोजपट्टीवर शून्य ठरतो आणि त्याच्या मुलाचे, ओकोंकवोचे, सारे आयुष्य 'बापासारखे व्हायचे नाही' या एका भयावर उभे राहते. तीन वर्षे त्याच्या घरी राहून त्याला बाप म्हणणाऱ्या इकेमेफुनाला मारण्याचा देववाणीचा आदेश येतो, तेव्हा या हत्येत हात घालू नकोस, असे वृद्ध एझेउदू त्याला बजावतो. तरीही ओकोंकवो वार करतो. आपण दुबळे ठरू, एवढीच त्याची भीती. कोणत्याही शत्रूला न भिणारा हा वीर लोकांच्या एका शब्दाला भितो. येथे अचेबे यांची दृष्टी विशेष सूक्ष्म आहे. ज्या समाजाने वीरत्वाची मोजपट्टी दिली, त्याच समाजात एझेउदू आहे, हत्येपासून दूर राहणारा ओबिएरिका आहे, अपराध्याला शासन करणारी भूमातादेखील आहे. ओकोंकवो समाजाचा अर्धाच आदेश ऐकतो आणि समाजही त्याला बिरुदे देताना उरलेल्या अर्ध्याची आठवण फारशी करून देत नाही. शेवटी तो सरकारी निरोप्याचे मुंडके उडवितो, पण गाव उठत नाही. त्याने गळफास घेतल्यावर त्याच्या देहाला हात लावणेही स्वकीयांना निषिद्ध ठरते. उनोकालाही भूमीत विसावा मिळाला नव्हता. ज्या बापापासून तो आयुष्यभर पळाला, त्याच्याच गतीला मुलगा पोचतो.

न्गुगी वा थिओंगो यांच्या 'अ ग्रेन ऑफ व्हीट' (१९६७) मध्ये हेच नाते उलटे होते. येथे वीर मुळी वीर नाहीच. बंडखोर किहिकाला इंग्रजांच्या हवाली करणारा मुगो पुढे स्थानबद्धतेत मूक राहतो. कबूल करण्यासारखी शपथ त्याने घेतलेलीच नसते. थबाई गाव मात्र त्या मौनाला धैर्य समजते. १२ डिसेंबर १९६३ च्या स्वातंत्र्यदिनासाठी गावाला एक पुतळा हवा आहे आणि मुगो हाताशी आहे. किहिकाचे बलिदान ज्यांच्या कामी आले, त्यांतला संसद सदस्य गावकऱ्यांना हवे असलेले शेत स्वतःच विकत घेतो, हा तपशील न्गुगी जाता जाता नोंदवितात. तो जाता जाता वाचण्याजोगा नाही.

मुगो भरसभेत आपला द्रोह सांगतो. कादंबरीतील खरे धैर्याचे कृत्य हेच, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही; कारण त्याच्या कबुलीमुळे संशयित करांजाचे प्राण वाचतात. गर्दी मात्र अवाक् होते आणि नंतर त्याचा निवाडा गुपचूप होतो. त्या निवाड्यात भाग घेतलेली वृद्धा वांबुई मागाहून अस्वस्थ होते. आपण हे करायला नको होते की काय, हा प्रश्न तिची पाठ सोडत नाही.