परदेशी नागरिकांचे बेंगळुरू : रोजच्या जगण्याची किल्ली घरमालकाच्या हाती

बेंगळुरू : परदेशी नागरिकांचा भारतातील प्रवेश, वास्तव्य आणि प्रस्थान यांचे नियमन करणारा ‘आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५’ हा १ सप्टेंबर २०२५ पासून देशभर लागू झाला आहे. संसदेतील चर्चेत भर होता तो घुसखोरी, बनावट पारपत्रे आणि राष्ट्रीय सुरक्षा या विषयांवर. वैध व्हिसा घेऊन आलेल्या, नियमाने कर भरणाऱ्या आणि एखाद्या गल्लीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या परदेशी माणसाच्या दिनक्रमावर या कायद्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र मागे राहिला. त्याचे उत्तर शोधायचे तर बेंगळुरूच्या पूर्वेकडील इंदिरानगरसारख्या वस्तीकडे पाहावे लागते.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बेंगळुरू विकास प्राधिकरणाची निवासी वसाहत म्हणून आकाराला आलेल्या या भागाला माजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे नाव मिळाले. लष्करी सेवेतून निवृत्त झालेले अधिकारी आणि जवळच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याशी संबंधित कुटुंबे ही इथली सुरुवातीची ओळख. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या भरभराटीनंतर शंभर फुटी रस्ता, बारावा मेन आणि सीएमएच रस्ता येथे दुकाने, उपाहारगृहे आणि मद्यालये उभी राहिली. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी मार्ग हा ‘नम्म मेट्रो’चा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा इंदिरानगर स्थानकही त्यात होते. बहुराष्ट्रीय कंपन्यांचे अधिकारी, नवउद्योगांतील तंत्रज्ञ, शिक्षक आणि संशोधक अशा परदेशी रहिवाशांना ही वस्ती सोयीची वाटते. मात्र तिथे स्थिरावण्याचा मार्ग घराच्या पत्त्यावरून जातो आणि नेमका तिथेच तो अरुंद होतो.

पत्त्यापासून सुरू होणारी साखळी

एकशे ऐंशी दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला सामान्यतः आगमनानंतर १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. बेंगळुरूतील विदेशी प्रादेशिक नोंदणी कार्यालय शांतिनगर बसस्थानकाच्या इमारतीत आहे. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-एफआरआरओ’ या ऑनलाइन व्यवस्थेमुळे तेथील हेलपाटे पुष्कळ कमी झाले. अर्ज, कागदपत्रे, शुल्क आणि परवाना हे सारे आता बहुतांशी संगणकावरच होते. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय प्रशासनाला द्यायला हवे.

परंतु अर्जासोबत निवासाचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे भाडेकरार आणि घरमालकाने भरलेला ‘सी फॉर्म’. परदेशी पाहुणा मुक्कामाला आल्याची माहिती २४ तासांच्या आत कळवण्याचे बंधन हॉटेलांप्रमाणेच घर भाड्याने देणाऱ्या खासगी व्यक्तीवरही असते. हॉटेलांना ही सवय आहे. दोन मजली घराचा वरचा मजला भाड्याने देणाऱ्या निवृत्त गृहस्थाला मात्र त्यासाठी संकेतस्थळावर स्वतःची नोंदणी करावी लागते, मालकीची कागदपत्रे जोडावी लागतात आणि पुढे भाडेकरू बदलला की पुन्हा माहिती भरावी लागते. एवढ्या खटाटोपापेक्षा परदेशी भाडेकरूच नको, असे त्याला वाटले तर त्याला दोष देणे कठीण आहे.

पत्ता नाही म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून बँकेत नियमित खाते उघडण्यात अडथळा. बँक खाते आणि त्याला जोडलेला भारतीय मोबाइल क्रमांक नाही म्हणून यूपीआय नाही. भाजीवाल्यापासून रिक्षाचालकापर्यंत सर्वांनी क्यूआर कोड लावलेल्या या शहरात यूपीआय नसणे म्हणजे दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी सुट्टे पैसे शोधत फिरणे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० देशांतील प्रवाशांसाठी भारतीय बँक खात्याविना यूपीआय वापरण्याची मुभा दिली. मात्र ही सोय अल्पकाळ येणाऱ्या पाहुण्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाची गरज तिने भागत नाही.

या साखळीतील दिवसांची गणितेही लक्षात घेण्याजोगी आहेत. नोंदणीचा निकष १८० दिवसांचा. आधार क्रमांकासाठी अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत किमान १८२ दिवसांचे वास्तव्य आवश्यक. प्राप्तिकर कायद्यानुसार निवासी ठरण्याचा प्रमुख निकषही १८२ दिवसांचाच. म्हणजे साधारण अर्ध्या वर्षात भारतीय राज्यव्यवस्था परदेशी माणसाला करदाता म्हणून स्वीकारते, परंतु शेजारी म्हणून त्याला उभे राहायला जागा मिळेल की नाही, हे त्याआधीच घरमालक ठरवून मोकळा झालेला असतो.

घरभाड्याची स्थानिक रीतही येथे आड येते. बेंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची जुनी पद्धत आहे. अलीकडे अनेक ठिकाणी ती कमी झाली असली तरी पुरती संपलेली नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी घरासाठी कमाल दोन महिन्यांची अनामत सुचवली. तथापि हा केवळ नमुना आहे. राज्याने तो स्वीकारून कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. कंपनीने पाठवलेल्या अधिकाऱ्याची अनामत कंपनी भरते. स्वतःच्या बळावर आलेल्या विद्यार्थ्याला किंवा शिक्षकाला तेवढी रक्कम शहरात पाऊल ठेवताच उभी करावी लागते.

पाळतीची जबाबदारी कोणाची?

नव्या कायद्याने पारपत्र (भारतात प्रवेश) कायदा, १९२०, परदेशी नागरिक नोंदणी कायदा, १९३९, परदेशी नागरिक कायदा, १९४६ आणि वाहकांच्या दायित्वाविषयीचा २००० चा कायदा, हे चार कायदे रद्द करून त्यांची जागा घेतली. त्यांपैकी पहिले तीन ब्रिटिश अमदानीतील, युद्धकाळाच्या सावलीत घडलेले. त्यांची फेररचना आवश्यकच होती. २७ मार्च २०२५ रोजी लोकसभेतील चर्चेत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, अशी भूमिका मांडली. शिक्षण, व्यापार आणि संशोधनासाठी येणाऱ्यांचे स्वागतच आहे, असेही सरकारच्या वतीने सांगण्यात आले. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे पाठवावे, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही.

वैध पारपत्र वा व्हिसाविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड, तर मुदतीपेक्षा अधिक काळ राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि तीन लाखांपर्यंत दंड, अशा तरतुदी कायद्यात आहेत. सार्वभौम राष्ट्राला हा अधिकार आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो माहिती देण्याच्या कर्तव्याचा. निवासाची सोय करणारे घरमालक, विद्यापीठे व शिक्षणसंस्था आणि रुग्णांना दाखल करून घेणारी रुग्णालये यांच्यावर हे कर्तव्य कायद्यानेच घातले आहे. विद्यापीठाकडे त्यासाठी स्वतंत्र कक्ष असतो, मोठ्या रुग्णालयाकडे कर्मचारी असतात. एकट्या घरमालकाकडे यांपैकी काहीही नसते.

हा प्रकार केवळ भारतात आहे, असे नाही. थायलंडमध्येही परदेशी व्यक्ती राहायला आल्याची सूचना घरमालकाने २४ तासांत द्यावी लागते. शिवाय दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी नागरिकाने दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा, असा नियम आहे. बँकॉकमधील परदेशी रहिवासी या कागदपत्रांविषयी जी कुरकुर करतात, तीच बेंगळुरूतही ऐकू येते. फरक आहे तो सरावाचा. दीर्घकालीन परदेशी रहिवासी ही थायलंडच्या अर्थव्यवस्थेची जुनी बाब असल्याने तेथील घरमालक आणि दलाल या व्यवहाराला रुळलेले आहेत. आपल्याकडे महानगरांतील मोजक्या वस्त्यांबाहेर घरमालकाला या नियमाची माहितीच नसते, किंवा असते ती केवळ भीतीच्या रूपात.

सगळे परदेशी सारखे नसतात

या भीतीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. भारताच्या नोकरी-व्हिसासाठी, काही अपवाद वगळता, वार्षिक १६.२५ लाख रुपयांहून अधिक वेतनाची अट आहे. त्यामुळे या मार्गाने येणारा माणूस मुळातच संपन्न असतो आणि कंपनीचा मनुष्यबळ विभाग त्याच्या पाठीशी असतो. इंदिरानगरच्या झाडांच्या सावलीत दिसणारा परदेशी रहिवासी बहुधा या गटातला. आफ्रिकी देशांतून आलेला विद्यार्थी मात्र कम्मनहळ्ळी, हेन्नूर अशा ईशान्य बेंगळुरूतील भागांत घर शोधताना दिसतो. दोघांचा व्हिसा वैध, दोघांना लागू कायदा एक. तरीही घरमालकाच्या दारात त्यांना मिळणारी वागणूक एक नसते.

या भेदाचे टोक शहराने पाहिले आहे. ३१ जानेवारी २०१६ रोजी हेसरघट्टा परिसरात एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एका स्थानिक महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर काही वेळाने तेथून जाणाऱ्या, त्या अपघाताशी काडीचाही संबंध नसलेल्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने मोटारीतून बाहेर ओढून मारहाण केली आणि मोटार पेटवून दिली. सुदान आणि टांझानिया हे दोन वेगळे देश आहेत, एवढेही पाहण्याची गरज जमावाला वाटली नाही. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना या प्रकरणात लक्ष घालावे लागले. जमावाची हिंसा आणि घर नाकारणे यांत महदंतर आहे. तरीही माणसाआधी त्याचा वर्ण पाहण्याची वृत्ती दोन्हींच्या मुळाशी असते आणि ‘कायद्याची कटकट’ हे कारण त्या वृत्तीला सोयीचे पांघरूण पुरवते.

संपन्न गटाचेही प्रश्न आहेत, पण ते न्यायालयात नेण्याची ऐपत त्याच्याकडे आहे. भविष्य निर्वाह निधीचे उदाहरण बोलके आहे. भारतीय कर्मचाऱ्यासाठी सक्तीच्या वर्गणीला १५ हजार रुपये वेतनाची मर्यादा आहे. २००८ पासून ‘आंतरराष्ट्रीय कामगारां’ना मात्र पूर्ण वेतनावर वर्गणी देणे बंधनकारक झाले. ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार नाही, तेथील नागरिकाला ही रक्कम साधारणपणे वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येत नाही. एका शिक्षणसंस्थेसह अनेकांच्या याचिकांवर कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ही विशेष तरतूद घटनाबाह्य ठरवली. दिल्ली उच्च न्यायालयाने पुढे तीच तरतूद वैध मानली. एकाच केंद्रीय योजनेविषयी दोन शहरांत दोन निष्कर्ष, अशी स्थिती निर्माण झाली. अमेरिकेशी भारताचा असा करार नसल्याने तेथे काही वर्षे नोकरी करून परतणाऱ्या भारतीयांचीही सामाजिक सुरक्षा वर्गणी दहा वर्षांची अट पूर्ण न झाल्यास वाया जाते. पुण्या-मुंबईच्या अनेक घरांना हा अनुभव नवा नाही.

घरातला ‘परदेशी’

मराठीत ‘परदेशी’ हा शब्द मूळचा दुसऱ्या राष्ट्राच्या माणसासाठी नव्हताच. उत्तर हिंदुस्थानातून येऊन महाराष्ट्रात स्थायिक झालेल्यांना लोक परदेशी म्हणत आणि पुढे ते आडनावच झाले. देश ही कल्पना बदलली तसा शब्दाचा अर्थ बदलला. आज त्याची आणखी एक छटा बेंगळुरूतील मराठी घरांत दिसते. अमेरिकेत काही वर्षे काढून परतलेल्या अभियंता दांपत्याचे तेथे जन्मलेले मूल घरी मराठी बोलते, शाळेत कन्नड शिकते आणि कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक असते.

२००५ पासून दिल्या जाणाऱ्या ‘ओसीआय’ कार्डामुळे या मुलाला आजीवन व्हिसा मिळतो आणि नोंदणीची आवश्यकता राहत नाही. मात्र कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांत केवळ अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांवर दावा करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही अधिसूचना पूर्वलक्षी नसल्याचे स्पष्ट केले. तिच्यापूर्वी कार्ड मिळालेल्यांना जुने हक्क कायम राहिले, नंतर मिळालेल्यांना नाहीत. त्यामुळे एकाच घरातील दोन भावंडांचे शैक्षणिक भवितव्य कार्डावरील तारखेने वेगळे ठरू शकते. दूरवरच्या देशातून आलेल्या माणसाची अडचण समजून घेण्यास हा अनुभव मराठी वाचकाला उपयोगी पडावा.

भाषेच्या बाबतीत मात्र परदेशी माणसाला एक सवलत मिळते. फलकांवर ६० टक्के कन्नड असावे, या मागणीवरून डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूत तीव्र आंदोलन झाले. स्थानिक भाषा शिकावी, हा आग्रह प्रामुख्याने अन्य राज्यांतून आलेल्यांकडे रोखलेला असतो. परदेशी माणसाने ‘नमस्कार’, ‘एष्टु’, ‘धन्यवादगळु’ एवढे उच्चारले तरी त्याचे कौतुक होते. महाराष्ट्रातही चित्र फारसे निराळे नाही. परंतु या कौतुकाने पत्त्याचा पुरावा मिळत नाही.

उपाय दूरचे नाहीत

सुरक्षेच्या गरजेशी तडजोड न करताही ही कोंडी सैल करता येईल. निवासाची सूचना देण्याची प्राथमिक जबाबदारी नोंदणीकृत भाडेकरारासह स्वतः परदेशी भाडेकरूला देता येईल आणि घरमालकाने मोबाइलवर आलेल्या संदेशाद्वारे केवळ पुष्टी करावी, अशी रचना शक्य आहे. ही माहितीपत्रके कन्नड, मराठी, तमिळ अशा घरमालकांच्या भाषांत हवीत. विद्यापीठांनी पहिल्या वर्षापुरती तरी वसतिगृहाची हमी घ्यायला हवी. राज्यांनी अनामतीची मर्यादा कायद्याने निश्चित केल्यास त्याचा लाभ परदेशी माणसाइतकाच सोलापूरहून किंवा कलबुर्गीहून नोकरीसाठी येणाऱ्या तरुणालाही होईल.

जर्मनी, फ्रान्स, इस्रायल, जपान यांच्यापाठोपाठ अमेरिकेनेही जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूत वाणिज्य दूतावासाचा प्रारंभ केला. जगाशी जोडलेले शहर म्हणून बेंगळुरूची मान्यता वाढते आहे. पुणे, मुंबई आणि नागपूर याच स्पर्धेत आहेत. दूतावास आणि कंपन्या आणण्यासाठी सरकारे धोरणे आखतात. त्या कंपन्यांत काम करणाऱ्या किंवा येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या माणसाला राहते घर मिळेल, याची खातरजमा मात्र अजून कोणत्याच धोरणाचा भाग झालेली नाही.