जुन्या सीडी प्लेअरची खोटी तारीफ

मागच्या सुट्टीत पुण्याला एका मित्राकडे जुन्या ऑडिओचे शौकीन जमले होते. १९८० च्या दशकातला एक सीडी प्लेअर मधोमध मांडलेला, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा. त्याचा आवाज कसा ‘उबदार’ आहे, गाण्यात कसा ‘प्राण’ येतो, यावर तासभर बोलणं झालं. गाणं वाजलं वीसेक मिनिटं. पाहुणा होतो म्हणून तिथे गप्प बसलो. इथे लिहितो.

माझ्याकडेही त्याच पिढीतला एक प्लेअर आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. नाव छापलं की भाव चढतो. दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमध्ये घेतला तेव्हा मी कॅप्टन होतो. त्यानंतरच्या सगळ्या बदल्या त्याने माझ्याबरोबर काळ्या ट्रंकेत केल्या आहेत. तेव्हा मी बाहेरून दगड मारतोय असं कुणी समजू नये.

उबदारपणाची गोष्ट थोतांड आहे. मेसमध्ये आम्ही एकदा परीक्षाच घेतली. एका तरुण कॅप्टनने चादरीआड माझा प्लेअर आणि फोनला जोडलेला बोटाएवढा डॅक, दोन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरला लावले. आवाजाची पातळी मोजून सारखी केली. मल्लिकार्जुन मन्सूरांची एक सीडी, आणि तिचीच फोनमध्ये उतरवलेली प्रत. दहा वेळा विचारलं, पाच वेळा मी बरोबर सांगितलं. नाणं उडवून बोललो असतो तरी तेवढेच आले असते. त्या संध्याकाळची रम माझ्या हिशेबात गेली.

तरीही मुकुटाचं चिन्ह छापलेल्या टीडीए १५४१ए चिपा हजारो रुपयांना विकल्या जातात, आणि त्यांच्या नकलाही. त्या यंत्रांची खरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. सीडीचं मानक ठरताना फिलिप्सकडे १४ बिटांची चिप तयार होती, सोनीने १६ बिटांचा आग्रह धरला आणि १६ ठरले. आता हातातल्या चिपेचं करायचं काय? फिलिप्सच्या लोकांनी सेकंदाला ४४,१०० ऐवजी चौपट, १,७६,४०० नमुने चालवले आणि बिटांची कमतरता वेगाने भरून काढली. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ जपानात विक्रीला आला तेव्हा त्याच्यापुढे उभं राहायला हे १४ बिटांचं यंत्र पुरेसं ठरलं. आहे त्या सामानात मोहीम पार पाडणं म्हणतात ते हे. यात गूढ काही नाही, हिशेब आहे. शौकिनांना हिशेब नको असतो, चमत्कार हवा असतो.

मग मी हे धूड का वाहतो?

काही वर्षांपूर्वी बारा हजार फुटांच्या वर होतो. जागेचं नाव लिहिता येत नाही. हिवाळ्यात रस्ता बंद, नेट नाही. जवानांनी खाली असतानाच फोनमध्ये गाणी भरून आणलेली. अ‍ॅपची अट अशी की तीस दिवसांत एकदा तरी नेट लावायचं. एकतिसाव्या दिवशी एकेकाची गाणी बंद पडू लागली. पैसे भरलेले, गाणी खिशातच, आणि ऐकायची परवानगी नाही! सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला भजन ऐकायचं तर कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरची मंजुरी लागते, हे मला त्या आठवड्यात प्रथम नीट कळलं.

माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्कही तिथेच गेली. तिचं वाचणारं टोक हवेच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणून बहुतेक कंपन्या दहा हजार फुटांची मर्यादा लिहून ठेवतात. सीडीच्या भिंगाला हवेचा आधार लागत नाही, चुंबकाच्या जोरावर ते वरखाली होतं. एकच पथ्य: थंडीतून बुखारीच्या खोलीत आणल्यावर दोन तास हात लावायचा नाही, भिंगावर दव धरतं.

त्याच प्रवासात, ट्रकच्या हादऱ्यांनी, माझा प्लेअरही मुका झाला होता. ईएमईच्या हवालदाराने झाकणाचे स्क्रू काढले, टॉर्च मारली आणि म्हणाला, ‘‘साब, इसमें तो सब दिखता है.’’ सुटलेले सांधे सोल्डर केले, वीजपुरवठ्याचे दोन फुगलेले कपॅसिटर बदलले. जेवणाच्या आत काम झालं. पुढचे तीन महिने रोज संध्याकाळी जनरेटर चालू असेपर्यंत पोरं माझ्या खोलीत बसायची. भजनं, लता, पंजाबी ढोल, जे ज्याच्याकडे होतं ते. ख्यालाची सीडी लावली की दोघे झोपायचे. झोपू देत.

तो कॅप्टन म्हणेल, ‘‘सर, साधी फाइल ठेवली असती तर फोनही हेच करतो.’’ खरं आहे. पण ठेवतो कोण? त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये त्या परीक्षेसाठी उतरवलेली एवढी एकच प्रत होती. आणि फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली. ती फुगली तर हवालदार काय करणार? माझं यंत्र अमर आहे असं मी म्हणत नाही. त्याचा लेझर एक दिवस मंदावेल आणि तसा नवा मिळणार नाही. तोवर त्याचं झाकण उघडायला मला कुणाची परवानगी लागत नाही. मला त्याचं कौतुक आहे ते एवढ्याचसाठी.

पुण्यात निघताना मी मित्राला विचारलं, ‘‘झाकण काढून आत बघू का? कपॅसिटर तपासून देतो.’’ सगळे दचकले. एकजण तर माझ्या आणि प्लेअरच्या मधे येऊन उभा राहिला. ‘‘अहो, नको! फॅक्टरीचे स्क्रू आहेत, आजवर कुणी हात लावलेला नाही.’’