माळ्यावरची मासिकं

बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या त्या घराच्या माळ्यावरून अकरा खोकी खाली उतरली आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. घर चाळीस वर्षांचं. आता ते पाडून तिथे चार मजली इमारत व्हायची आहे, आणि तोवर सगळ्यांनी पद्मनाभनगरच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहायचं आहे. भांडी गेली, जुन्या गाद्या गेल्या, पाटा-वरवंटासुद्धा कुणाला तरी दिला. उरली ती आजोबांची मासिकं.

आजोबा मूळचे बेळगावचे. 1968 साली आयटीआयमध्ये, म्हणजे दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यात नोकरीला लागले आणि बंगळूरचेच झाले. नोकरी टेलिफोनची, नाद मात्र रेडिओचा. रविवारी सकाळी सदर पत्रप्पा रोडवर जायचं, ज्याला सगळं शहर एस. पी. रोड म्हणतं. तिथून चार-दोन रुपयांचे ट्रान्झिस्टर, कंडेन्सर कागदाच्या पुडीत बांधून आणायचे आणि रात्री जेवणं उरकल्यावर मासिकातली आकृती समोर ठेवून जोडत बसायचं. सोल्डरिंगच्या धुराचा वास हा त्या घराचा वासच होता म्हणा ना. आजी सांगतात, "वर्गणीच्या मनीऑर्डरचा फॉर्म मीच भरत असे. यांचं अक्षर पोस्टमनला लागत नव्हतं."

मुलगा व्यवहारी आहे, वाईट नाही. त्याने सरळ हिशेब मांडला. "बाबा, साडेसहाशे अंक आहेत. नव्या जागेत दोन कपाटं मावायची पंचाईत. आणि हे सगळं आता नेटवर मिळतं." गुजरीवाला, म्हणजे आपला रद्दीवाला, येऊन बघून गेला होता. सगळं मिळून सव्वाशे किलोच्या आसपास. दीड हजार रुपये. घरच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढे.

आजोबा काही बोलले नाहीत. वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर माणूस अशा वेळी बोलत नाही, वर्तमानपत्र वाचल्यासारखं करतो.

प्रश्न त्या एका घराचा नाही. ज्या घरात कुणी एके काळी फोटोग्राफीचा, पोस्टाच्या तिकिटांचा, बुद्धिबळाचा, बागकामाचा नाद केला, त्या प्रत्येक घराच्या माळ्यावर असा एक ढीग असतो. विणकामाच्या नमुन्यांची पुस्तकंही यातच धरायची, ती तर सासूकडून सुनेकडे येतात आणि तिच्याकडून थेट रद्दीत जातात. अशा ढिगाबद्दल घरात दोनच मतं असतात. एक म्हणतं सगळं ठेवा, दुसरं म्हणतं सगळं द्या. आणि दोन्ही मतं मुळात आळशी आहेत, कारण दोघांनाही खोकं उघडून बघायचं नसतं.

इथे ते काम नातीने केलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा संपली होती, म्हणून बसली. आधी तिने फक्त वेगवेगळे ढीग लावले. गुळगुळीत कागदाचे परदेशी अंक एकीकडे : अमेरिकेचं 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स', इंग्लंडचं 'प्रॅक्टिकल वायरलेस' आणि 'वायरलेस वर्ल्ड'. हे आजोबांनी अ‍ॅव्हेन्यू रोडच्या पदपथावर एकेक करून घेतलेले, काही परदेशी जाऊन आलेल्या सहकाऱ्यांनी दिलेले. दुसरीकडे देशी अंक : दिल्लीहून 1969 पासून निघणारं 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू', मुंबईचं 'सायन्स टुडे', मराठी विज्ञान परिषदेची 'पत्रिका'. यांचा कागद पिवळा, कडा ठिसूळ, काहींना मुखपृष्ठच नाही.

मुलाच्या मते त्यातल्या त्यात ठेवायचे असतील तर परदेशी ठेवावेत. दिसायला चांगले, पुढेमागे किंमतही यायची. बहुतेक घरांत असाच विचार होतो.

नातीने फोन उघडून एकेक नाव घातलं आणि चित्र उलटं निघालं. परदेशी मासिकं खरोखरच नेटवर होती, अगदी पानापानासह. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये या छंदाचे म्हातारे भक्त इतके आहेत, की त्यांनी गेल्या काही वर्षांत वर्षानुवर्षांचे अंक स्कॅन करून फुकट ठेवले आहेत. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चा जानेवारी 1975 चा तो सुप्रसिद्ध अंकही तिथे आहे. त्याच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर 8800' हा घरी जोडायचा संगणक होता. तो पाहूनच बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी पुढच्या उद्योगाला हात घातला. (गंमत अशी, की मुखपृष्ठावरचा तो संगणक आतून रिकामा होता. तयार केलेला नमुना मासिकाकडे पाठवताना वाटेत हरवला, म्हणून नुसतं खोकं सजवून फोटो काढला.) ऑक्टोबर 1945 च्या 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आर्थर सी. क्लार्क यांनी पृथ्वीभोवती एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांची कल्पना मांडली होती. तो लेखही बसल्या जागी वाचता येतो.

देशी मासिकांचं काय? इकडे चार अंक, तिकडे दोन. सलग संच काही हाती लागेना. ज्या ढिगाला घरात कुणी किंमत देत नव्हतं, त्याच्याच प्रती जगात कमी होत्या.

हे असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. परदेशी मासिक त्या देशात लाखोंनी खपलं, चांगल्या कागदावर छापलं गेलं आणि मोठ्या ग्रंथालयांनी बांधून ठेवलं. आपल्याकडे तेच मासिक स्वस्त कागदावर निघालं. अशा कागदातला लिग्निन नावाचा घटक काढलेला नसतो. उजेड आणि हवा लागली की तो कागदाला पिवळा करतो, आणि कागदातलं आम्ल त्याचा चुरा करतं. त्यात कसर आणि वाळवी. आणि सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे दिवाळीची साफसफाई! कथा-कादंबऱ्या निदान वाचनालयात राहतात. छंदाचं मासिक वाचनालयांनी क्वचितच जपलं, कारण ते ना साहित्य, ना पाठ्यपुस्तक.

आणि त्यात होतं काय? इथे आजोबांना पहिल्यांदा कंठ फुटला. नात 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चा एक अंक हातात घेऊन म्हणाली, "आबा, हे सर्किट तर त्या इंग्रजी मासिकातल्यासारखंच आहे." आजोबा उठून जमिनीवर येऊन बसले. गुडघ्यांच्या तक्रारीची त्या वेळी कुणाला आठवण झाली नाही.

"सारखं आहे, पण तेच नाही," ते म्हणाले. "त्यातला ट्रान्झिस्टर इथे मिळायचा नाही. आयात बंद. मग आमच्यासारखा कुणीतरी बसून तेच सर्किट बीईएलच्या मालावर बसवायचा. ते चाललं, की मासिकाला लिहून पाठवायचा."

बीईएल म्हणजे जालहळ्ळीचा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना, 1954 सालचा. देशात जे बनतं त्यावर भागवायचं, हा त्या काळाचा नियम होता. एका पिढीने परदेशी आकृत्यांचं असं देशीकरण कसं केलं, याची नोंद कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती या पिवळ्या पानांत आहे. तितकीच मोलाची म्हणजे जाहिरातीची पानं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमध्ये त्या वर्षी काय मिळत होतं, केवढ्याला मिळत होतं, घरी जोडायच्या रेडिओच्या संचाची किंमत काय होती. साधा रेडिओ बाळगायलासुद्धा 1980 च्या दशकापर्यंत पोस्टातून लायसन्स काढावं लागे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवायला सुरुवात केली, तेव्हा त्या वस्तूही घरोघर अडगळीतच होत्या.

समासातल्या नोंदी हा तिसरा प्रकार. आजोबांच्या पेन्सिलीने जागोजाग लिहिलेलं आहे : "चालत नाही", "470 ऐवजी 330 लावला, आवाज सुधारला", "बेळगावला दादासाठी केला, मे 79". असा अंक दुसरा नसतो. तो स्कॅन करताना मजकुराबरोबर समासही पुरता दिसला पाहिजे. पुष्कळ जण तोच कापून टाकतात.

आता ठेवायचं कुठे, द्यायचं कुणाला? ग्रंथालयात खोकी घेऊन जाणं ही सर्वांत मोठी चूक. जागेची अडचण त्यांनाही असते आणि त्यांच्याकडे आधीच असलेल्या अंकाच्या दुसऱ्या प्रती त्यांना नको असतात. आधी यादी, मग खोकं. मासिकाचं नाव, महिना, वर्ष, पानं पुरी आहेत की नाहीत, एवढ्या चार रकान्यांची यादी वहीत केली तरी चालते. मराठी नियतकालिकं असतील तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि विज्ञानाच्या मासिकांसाठी मराठी विज्ञान परिषद, यांना विचारता येतं. बंगळुरात गांधीनगरचं महाराष्ट्र मंडळ आहेच.

स्कॅनिंगसाठीही बंगळूरकरांना फार लांब जायला नको. 'सर्व्हंट्स ऑफ नॉलेज' या नावाने काही मंडळींनी भारतीय पुस्तकं आणि जुनी नियतकालिकं स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवण्याचं मोठं काम केलं आहे. त्याला सी. व्ही. रामन यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसची साथ मिळाली. हे नाव ऐकून मराठी माणसाला गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची आठवण व्हावी, यात नवल नाही. मात्र घरच्या घरी स्कॅन करून सगळंच नेटवर टाकावं, असं कुणी समजू नये. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, निनावी मजकुराचा प्रकाशनानंतर साठ वर्षं. म्हणजे सत्तरच्या दशकातलं बरंचसं अजून कुणाच्या तरी मालकीचं आहे. आपल्या अभ्यासापुरतं फोटो काढून ठेवायला हरकत नाही. अंक जपून योग्य हाती देणं हे आपलं काम, पुढचं त्या संस्थेने पाहावं.

जोवर अंक घरात आहेत, तोवर त्यांची निगा सोपी आहे. गंजलेल्या पिना हलक्या हाताने सोडवून काढाव्यात, गंज कागद खातो. फाटल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांनी टेप सुटते आणि चिकट तपकिरी पट्टा मात्र राहतो. दमट वास येत असला तरी उन्हात वाळत घालू नये, पंख्याखाली सावलीत पसरावेत. गठ्ठा उभा न ठेवता आडवा ठेवावा आणि भिंतीपासून चार बोटं दूर.

या घरात शेवटी काय ठरलं? परदेशी अंकांबद्दल आजोबांनीच निकाल दिला, तोही इतक्या चटकन, की मुलगा बघतच राहिला. "देऊन टाक. मी ते वाचले, त्यातलं घ्यायचं ते घेतलं." ज्या ढिगासाठी आपण बाबांची समजूत घालायची तयारी करत होतो, तो त्यांना नकोच होता, हे त्याला त्या क्षणी कळलं. विचारलं कुणी नव्हतं, एवढंच. त्यातले पेन्सिलीच्या नोंदी असलेले एकोणीस अंक वेगळे काढले, बाकीचे नातीच्या कॉलेजातल्या मुलांना बघायला ठेवायचे आणि उरतील ते गुजरीला. मराठी अंकांची यादी मुंबईला पाठवली आहे. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'ची यादी तयार होते आहे. तोवर ती दोन खोकी पद्मनाभनगरच्या नव्या जागेत पलंगाखाली जातील. सुनेने जागा मोजून दिली आहे.

यादी करताना आजोबा शेजारी बसून असतात. नात महिना वाचते, ते मान हलवतात. 1979 च्या रकान्यात एक घर रिकामं राहिलं. जुलैचा अंक नाही. नात पुढे सरकायला लागली, तर त्यांनी तिचा हात धरला.

"तो हरवलेला नाही. मल्लेश्वरमला आहे. माझ्याच विभागातल्या एकाने नेला होता, आठ दिवसांत आणून देतो म्हणून."

"कधी नेला, आबा?"

"त्र्याऐंशी साली. थांब, नंबर आहे माझ्याकडे."

आणि चष्मा शोधायला ते उठले.