थांबण्याआधी लिहून ठेवा

निवृत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि चार भाषणं. नोकरी केलेल्याला हा समारंभ मिळतो, घर सांभाळलेलीला मिळत नाही, हे आपण सगळ्याच जाणतो. पण निवृत्त होणाऱ्यांचा आणखी एक प्रकार आहे, त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. हौसेपोटी लिहिणारे! एखाद्या छोट्याशा मासिकात वर्षानुवर्षं दरमहा एक पान लिहायचं, पैसे यथातथाच, आणि एक दिवस 'आता पुरे' म्हणून लेखणी खाली ठेवायची. अशा माणसाने मागे काय ठेवलं, याचा हिशेब कोण करतं?

हा विचार माझ्या डोक्यात आला तो जुन्या ट्रॅक्टरांमुळे. हसू नका. माझी भाची लग्नानंतर अमेरिकेत आयोवा राज्यात राहते. मक्याचा मुलूख. मागच्या खेपेला ती आली तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याने दिलेले एका मासिकाचे जुने अंक घेऊन आली. मासिकाचं नाव 'गॅस इंजिन मॅगझिन'. तिकडे गॅस म्हणजे पेट्रोल. शेतावरची जुनी इंजिनं आणि ट्रॅक्टर जपणाऱ्या हौशी लोकांचं हे मासिक १९६६ साली सुरू झालं. ते काढणारे एल्मर रिट्झमन पेशाने चर्चमधले धर्मोपदेशक. त्याआधी १९४६ पासून ते वाफेच्या इंजिनांवरचं एक मासिक काढतच होते. म्हणजे बघा, कारखानदार नाही, इंजिनियर नाही, प्रवचन करणारा माणूस!

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटलं ते ॲना मे ब्रॅन्यन या बाईंचं काम. लोखंड, तेल आणि धूर यांच्या या पुरुषी दुनियेत अनेक वर्षं संपादनाची धुरा एका बाईने सांभाळली. गप्पा माराव्यात तसं त्यांचं सदर असे, आणि वाचक पत्रं लिहीत ती थेट 'ॲना मे' अशा नावाने. इंजिन खोलायला येणं वेगळं आणि इंजिनवेड्या माणसांना धरून ठेवणं वेगळं. दुसरं काम बायकांना चांगलं जमतं, हे मी माझ्या बचत गटांच्या अनुभवावरून सांगते.

याच मासिकात सी. एच. वेंडेल नावाचे गृहस्थ अनेक वर्षं वाचकांच्या प्रश्नांचं सदर चालवत. आजोबांच्या गोठ्यात एक इंजिन सापडलंय, कुठल्या सालचं असेल? याचा मूळ रंग कोणता? हा तुटलेला भाग कसा दिसत होता? प्रत्येक प्रश्नाला क्रमांक. जे त्यांना ठाऊक असेल ते ते सांगत, नसेल तिथे वाचकांनाच विचारत, आणि पुढच्या अंकांत कुठल्या तरी लांबच्या गावचा म्हातारा त्या क्रमांकाचा हवाला देऊन उत्तर पाठवी. १९७९ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या शेती-ट्रॅक्टरांचा कोशच लिहिला. पुढे त्यांनी सदर थांबवलं, पण वाचकांच्या प्रश्नांचं पान मासिकात चालूच राहिलं, दुसऱ्या हातांनी.

कुणी म्हणेल, जुन्या ट्रॅक्टरचा रंग कळून काय मोठं साधलं? एक उदाहरण देते. तिकडचा 'फार्मॉल' ट्रॅक्टर म्हणजे लालभडक, असं सगळ्यांना वाटतं. पण १९२४ साली तो बाजारात आला तेव्हा करड्या रंगाचा होता. लाल रंग आला तो १९३६ च्या अखेरीस. आता नातवाने आजोबांचा १९३० सालचा ट्रॅक्टर हौसेने लाल रंगवला, तर त्याला कोण सांगणार की बाबा, तुझ्या आजोबांचा ट्रॅक्टर असा नव्हता? कंपनी विकली गेली, कामगार वारले, आजोबा गेले. सांगणारं उरतं ते फक्त कुणीतरी लिहून ठेवलेलं पान.

हे सगळं आपल्याला अगदीच परकं नाही बरं का! फार्मॉल बनवणारी 'इंटरनॅशनल हार्वेस्टर' ही तीच कंपनी, जिच्याशी महिंद्रांनी १९६३ मध्ये भागीदारी केली आणि मग आपल्याकडे बी-२७५ ट्रॅक्टर तयार झाले. आपल्या वडिलांच्या पिढीतल्या कित्येक बागायतदारांनी ते चालवले. आणि शेतीचं लोखंड व बायकांचं लिखाण यांचं नातं तर महाराष्ट्राइतकं कुठे जुळलं नसेल. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि १९३० साली त्याच घरातून 'स्त्री' मासिक आलं. आपल्या आज्यांना लिहायला पान मिळालं ते नांगराच्या कारखान्याच्या अंगणात!

मग आज आपण काय लिहून ठेवतोय? माझं म्हणणं इथेच आहे. ट्रॅक्टरला वेंडेल मिळाले. आपल्या जात्याला, कणगीला, गोधडीला कोण मिळालं? बचत गटाच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. ज्वारी साठवायची कणगी आतून-बाहेरून कशी लिंपायची, शेण किती, माती कुठली, कडुलिंबाचा पाला कधी घालायचा, हे सांगणाऱ्या बाया आता सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढच्या. जात्याला टाकी लावायला दारोदार येणाऱ्या बाईची हाक माझ्या मुलीने ऐकलेलीच नाही. मोटेचा नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, हे घरातल्या पदवीधर मुलांना विचारून बघा. वस्तू भंगारात जाते तेव्हा शब्दही जातो. आणि ती वापरणारी बाई जाते तेव्हा प्रश्न विचारायला पत्ताच उरत नाही.

एका बैठकीत मी हे बोलले तेव्हा एका आजीबाई फटकन म्हणाल्या, "अगं बाई, त्या जात्यानं आमचे हात मोडले. पहाटे तीनला उठावं लागायचं. गिरणी आली तेव्हा देव पावला. कशाला पुन्हा त्याचं कौतुक?" त्यांचं अगदी बरोबर आहे. मला जुन्याचे गोडवे गायचेच नाहीत. तिकडच्या जुन्या ट्रॅक्टरांनाही पुढून हँडल मारून सुरू करावं लागे, आणि उलटा झटका बसला की मनगट मोडायचं. आज कुणी तसला ट्रॅक्टर रोजच्या शेतीला नेत नाही. पण तो झटकाही लिहून ठेवायचा असतो. आजी, तुमचं पहाटे तीनचं उठणं लिहिलं नाही, तर उद्या तुमची पणती जातं शोभेसाठी दिवाणखान्यात ठेवेल आणि म्हणेल, किती छान दिवस होते ते! खोटं कौतुक टाळायचं असेल तरी खरं लिहिलंच पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, वेळ कुठाय? हाच तर खरा मुद्दा आहे. छंदाला पैसा कमी लागतो, वेळ जास्त लागतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. जे पुरुष हे काम करतात, त्यांची ८८. मधल्या दोनशे मिनिटांत काय काय लिहून होईल, कल्पना करा. पुरुषाचा छंद हा छंद असतो, तो गॅरेजमध्ये तासन् तास रमला तर घर त्याला चहा नेऊन देतं. बाई वही घेऊन बसली की विचारतात, "काम नाही का काही?" म्हणून मी म्हणते, घरात अर्धा तास मागून घ्या. भांडून नको, पण ठामपणे. भाजी निवडायला मुलगा बसू शकतो, कुकर नवरा लावू शकतो. शिट्ट्या मोजायला पदवी लागत नाही.

आणि फार मोठं काही लिहायचंच नाहीये. दोनशे पानी वही घ्या. वेंडेलांच्या सदरासारखं प्रश्नांना क्रमांक द्या. सासूबाईंना विचारा, त्यांना आठवत नसेल तर त्यांच्या मैत्रिणीला विचारा, उत्तराखाली सांगणारीचं नाव आणि तारीख घाला. जिथे उत्तर मिळालं नाही तिथे जागा रिकामी ठेवा, पुढे कुणीतरी भरेल. भिशीत, हळदीकुंकवाला, गटाच्या बैठकीत दर महिन्याला एक प्रश्न घ्या. सोबत मोबाइलवर आवाज टिपून ठेवलात तर उत्तमच, पण मोबाइल बदलतो, वही कपाटात राहते. त्यामुळे दोन्ही करा.

हौसेने लिहिणारा माणूस निवृत्त होतो तेव्हा मला वाईट वाटत नाही. त्याने थांबावं, विश्रांती घ्यावी, नातवंडं खेळवावीत. त्याचं पान दुसऱ्याने हाती घेतलं की झालं. वाईट वाटतं ते आपल्या बायांचं. आयुष्यभराचं शहाणपण हातात असतं आणि एक ओळही मागे राहत नाही. मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातून निवृत्त होणं आपल्या हातात असेल-नसेल, पण वही सुरू करणं नक्की आहे. या रविवारी दुपारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशेजारी बसा आणि पहिला प्रश्न विचारा. क्रमांक एक.